बेंबी, मूत्राशय आणि एक दुर्मिळ कर्करोग

जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन ज्याने घेतले नाही असे घर आपल्या सौंसर-रामाकोना भागात क्वचितच सापडेल. तेथील मूर्ती निजलेल्या अवस्थेतील असून तिच्या नाभीतून येणारे जल भाविक मंडळी तीर्थ म्हणून श्रद्धेने घेतात. देवाच्या नाभीविषयी आपल्या मनात असा आदरभाव आहे. परंतु माणसाच्या नाभीविषयी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील बेंबीविषयी, आपणांस फारच थोडी माहिती असते. बाळाची नाळ पडली, बेंबी वाळली, की तिचे काम संपले असे आपण धरून चालतो. वस्तुतः बेंबीचा आणि ओटीपोटातील मूत्राशयाचा एक जुना संबंध असतो. जन्मापूर्वी जडलेला हा संबंध जन्मानंतरही एका बारीक दोरीच्या रूपाने शरीरात राहतो, आणि त्या दोरीत क्वचित, फारच क्वचित, कर्करोग उत्पन्न होतो. त्याहूनही क्वचित तो स्त्रियांच्या बीजांडकोशापर्यंत जाऊन पोहोचतो.

इतक्या विरळा रोगाविषयी महोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, या रोगाची पहिली खूण मुळीच विरळा नाही. लघवीतून रक्त जाणे ही ती खूण होय. आपल्या घरांतील स्त्रिया जी दुखणी संकोचाने अंगावर काढतात, त्यांत हिचा क्रमांक बराच वरचा लागेल. रोगाचे नाव वाचक विसरले तरी चालेल. ही खूण विसरू नये, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

दोरी कशाची?

गर्भावस्थेच्या आरंभी मूत्राशयाचे वरचे टोक एका नळीने बेंबीशी जोडलेले असते. पुढे गर्भ वाढू लागतो, मूत्राशय हळूहळू खाली ओटीपोटात उतरते, आणि ही नळी ताणली जाऊन बारीक होत होत बंद होते. मूल जन्मास येते तेव्हा बहुधा तिची केवळ एक दोरी उरलेली असते. बेंबीच्या मागून निघून, पोटाच्या स्नायूंच्या आणि आतील पातळ पडद्याच्या मधून, ती मूत्राशयाच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. वैद्यकात या अवशेषास ‘युरेकस’ असे नाव आहे.

एखाद्या बालकाची ही नळी जन्मानंतरही उघडी राहते आणि बेंबीतून लघवी पाझरते. असे दिसल्यास ते मूल विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे. परंतु बाहेरून पूर्ण बंद दिसणारी दोरीही आतून सर्वस्वी भरीव असतेच असे नाही. मृत प्रौढांच्या शरीरांची सूक्ष्मदर्शकाने तपासणी केली असता सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींत या दोरीच्या पोटात पेशींचे अस्तर असलेली बारीक पोकळी सापडली आहे. म्हणजे असा अवशेष असणे हा काही आजार नव्हे. तो बाळगणारी असंख्य माणसे आयुष्यभर निरोगी राहतात. परंतु कधी काळी त्या अस्तरातील पेशी आपले मूळचे रूप सोडतात, चिकट स्राव निर्माण करणाऱ्या पेशींसारख्या होतात, आणि बेसुमार वाढू लागतात. यालाच युरेकसचा कर्करोग म्हणतात. फ्रान्समधील ह्यू आणि जाकँ या दोघांनी १८६३ साली त्याचे पहिले वर्णन केले असे मानतात. पुढे रॉबर्ट कॅम्पबेल बेग यांनी १९३० आणि १९३१ साली या दोरीची रचना व तीत होणारा कर्करोग यांविषयी जे लिहिले, त्यामुळे या रोगास वैद्यकात निश्चित स्थान मिळाले.

मूत्राशयाच्या एकंदर कर्करोगांत याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा किंचित अधिक आढळतो आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर दिसून येतो. तथापि तरुण वयातही तो झाल्याची उदाहरणे आहेत.

चोरपावलांनी येणारा

हा रोग लवकर का सापडत नाही, याचे कारण त्याच्या जागेतच आहे. गाठ आरंभी मूत्राशयाच्या बाहेर, माथ्यावर वाढते. तेथे तिला पसरावयास मोकळी जागा असते आणि ती कशावर दाबही आणीत नाही. म्हणून दुखत नाही. पुढे ती मूत्राशयाची भिंत भेदून आत शिरते, तेव्हा प्रथम लघवीतून रक्त जाते. बहुतेक रुग्णांत हीच पहिली खूण असते. काहींच्या लघवीतून शेंबडासारखा चिकट पदार्थ पडतो. काहींना वारंवार लघवीस जावे लागते वा जळजळ होते. काहींना बेंबीच्या खाली मध्यभागी गाठ लागते. आणि थोड्यांच्या बेंबीतून रक्त, पू वा चिकट पाणी येते.

आता उदाहरणादाखल आपल्यापैकीच एका कुटुंबातील गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. वय पंचेचाळीस. संत्र्याच्या बागेतील कामाचे दिवस आहेत, ऊन कडक आहे, आणि एके सकाळी तिला लघवी लालसर दिसते. घरातील वडीलधारी बाई म्हणते, “उन्हाळी लागली असेल, धन्याचे पाणी घे.” ती धन्याचे पाणी घेते आणि दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते. धन्याचा गुण आला असे सर्वांस वाटते. दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार होतो. या वेळी पाळी जवळ आलेली असते, त्यामुळे ते रक्त कोठले, याविषयी तिची तीच साशंक असते. नवऱ्याला सांगावयाचे तर संकोच, मुलाला सांगावयाचे तर त्याहून अधिक. असे वर्ष उलटते. मग पोट फुगल्यासारखे वाटू लागते, भूक मंदावते, आणि नाइलाजाने सोनोग्राफी होते. दोन्ही बीजांडकोशांवर गाठी आहेत, असे त्यात निघते.

या ठिकाणी सर्वांचे लक्ष साहजिकच बीजांडकोशाकडे लागते. वर्षापूर्वीची ती लाल लघवी बाई विसरलेली असते, किंवा तिचा याच्याशी काही संबंध असेल हे तिच्या ध्यानीमनीही नसते. अशा वेळी एखादा जाणता डॉक्टर विचारतो, “बाई, लघवीतून कधी रक्त गेले होते काय?” या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते की नाही, यावर पुढील उपचारांची दिशा अवलंबून असते.

धन्याच्या पाण्याची आम्ही थट्टा करीत नाही. उन्हाळी खरोखर लागतेही आणि भरपूर पाण्याने ती शमतेही. परंतु मूत्राशयातील गाठीतून येणारे रक्त आपोआप थांबते आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा सुरू होते, हा त्या रोगाचा स्वभावच आहे. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, हा समज अत्यंत घातक होय.

गाठ येथे, उगम तेथे

शरीरातील एका ठिकाणच्या कर्करोगाच्या पेशी दुसऱ्या ठिकाणी जाऊन रुजतात, हे आता बहुतेकांस ऐकून माहीत असते. युरेकसचा कर्करोग प्रथम मूत्राशयाच्या भिंतीत, पोटाच्या स्नायूंत व पोटातील पडद्यावर पसरतो. पुढे रसग्रंथी, फुफ्फुसे, यकृत आणि हाडे यांपर्यंत जातो. बीजांडकोशात तो गेल्याची उदाहरणे जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात मोजकीच नोंदली आहेत. रक्ताच्या वाटेने, रसवाहिन्यांच्या वाटेने, किंवा पोटाच्या पोकळीत गळून पडलेल्या पेशी बीजांडकोशावर चिकटून, अशा एकाहून अधिक वाटांनी हे घडू शकते.

परक्या गाठींना बीजांडकोश ही जणू आवडती जागा असते. जठराचे, आतड्याचे आणि स्तनाचे कर्करोगही तेथे येऊन वाढतात. कित्येकदा मूळची गाठ लहान व मुकी असते आणि बीजांडकोशातील गाठ मात्र मोठी होऊन आधी लक्षात येते. या बाबतीत थोर वैद्यकांचीही फसगत झालेली आहे. फ्रीडरिख क्रुकेनबेर्ग या जर्मन वैद्याने १८९६ साली बीजांडकोशाच्या एका चमत्कारिक गाठीचे वर्णन केले, आणि ती तेथेच उत्पन्न होते असे त्यास वाटले. १९०२ साली श्लागेनहाउफर याने दाखवून दिले की अशा गाठींचा उगम अन्यत्र, विशेषतः जठरात, असतो. तरीही पहिल्या संशोधकाच्या नावाने ती आजही क्रुकेनबेर्गची गाठ म्हणूनच ओळखली जाते.

यावरून डॉक्टरांनी काही खुणा बांधल्या आहेत. चिकट स्रावाची गाठ दोन्ही बीजांडकोशांत असेल, किंवा एकाच बाजूस पण आकाराने लहान असेल, किंवा बीजांडकोशाच्या पृष्ठभागावर तिचे ठिपके असतील, तर ती पाहुणी असावी असा संशय घेतला जातो आणि मूळ घराचा शोध सुरू होतो. या खुणांना अपवाद आहेत. म्हणून केवळ त्यांवर निर्णय होत नाही.

मूळ घर शोधण्याचे काम अखेर विकृतिशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली येते. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात, त्यांवर निरनिराळे रंग चढवितात, आणि पेशींतील विशिष्ट प्रथिने ओळखून त्या कोठल्या असाव्यात याचा तर्क करतात. हे शास्त्र आपल्या देशात रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी १९४१ पासून वाहिली. परंतु या ठिकाणी एक अडचण आहे. युरेकसची गाठ, आतड्याची गाठ आणि बीजांडकोशाची चिकट स्रावाची गाठ या तिन्हींचे रूप सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींशी फार मिळतेजुळते असते. रंगांच्या परीक्षेनेही काही वेळा निवाडा होत नाही. तेव्हा आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून तेथे काही नाही अशी खात्री करतात, सी.टी. स्कॅनमध्ये बेंबी व मूत्राशय यांच्यामधील रेषेवर गाठ आहे काय, तीत चुन्याचे बारीक कण दिसतात काय, हे पाहतात, आणि मूत्राशयात दुर्बीण घालून त्याचा माथा तपासतात. हे सारे कोणत्या क्रमाने करावयाचे, हे मात्र रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरून ठरते. “मागील वर्षी दोनदा लाल लघवी झाली होती,” हे एक वाक्य जो रस्ता दाखविते, तो मोठमोठ्या यंत्रांनाही कधी कधी उशिरा सापडतो.

उपाय कोणता?

रोग मूत्राशय व दोरी यांपुरता असेल तर शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय होय. मूत्राशयाचा माथा, ती संपूर्ण दोरी आणि तिच्या वरच्या टोकाची बेंबी, असा सलग भाग एकत्रच काढतात. बेंबी काढावयाची हे ऐकून रुग्णाच्या मनास धक्का बसतो. पण बेंबीविना शरीराचे काही अडत नाही. उलट ती ठेवली आणि तिच्याशी लागून रोगाचा कण राहिला, तर तो पुन्हा उद्भवू शकतो. बहुतेक रुग्णांत संपूर्ण मूत्राशय काढण्याची आवश्यकता पडत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. उरलेल्या मूत्राशयावर काम भागते.

गाठीच्या कडेला निरोगी भाग ठेवून ती पूर्ण काढता आली आणि रोग बाहेर पसरलेला नसला, तर रुग्ण दीर्घकाळ बरा राहण्याची आशा चांगली असते. सर्व अवस्थांतील रुग्ण एकत्र धरले तर सुमारे निम्मे पाच वर्षांनंतर हयात असतात. लवकर सापडलेल्यांचा अनुभव याहून चांगला आणि पसरलेल्यांचा याहून वाईट असतो. रोग बीजांडकोशात गेला असल्यास तेथील गाठीही काढण्याचा विचार होतो आणि औषधांचा उपचार जोडला जातो. येथेच मूळ घर ओळखण्याचे महत्त्व दिसून येते. पेशी आतड्यासारख्या असल्याने आतड्याच्या कर्करोगावर चालणारी औषधे येथे पुष्कळदा निवडतात. रोग बीजांडकोशाचाच समजून उपचार केला, तर औषधे वेगळी पडतात आणि मूळची गाठ मूत्राशयाच्या माथ्यावर तशीच राहते.

आपण काय करावे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लघवीतून रक्त जाणाऱ्या बहुसंख्य लोकांस कर्करोग नसतो. जंतुसंसर्ग, मूतखडा अशी साधी कारणे पुष्कळ असतात. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण कारण कोणते, हे घरी बसून ठरविता येत नाही. आमच्या भगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

लघवी लाल, गुलाबी वा चहाच्या रंगाची झाली, मग ती एकदाच का असेना आणि दुखो वा न दुखो, तरी डॉक्टरांस सांगावे. रक्त पाळीचे की लघवीचे असा संशय असेल, तर तोही संशय तसाच सांगावा. पाळी कायमची गेल्यानंतर कोणतेही रक्त दिसल्यास त्याच आठवड्यात दाखवावे. जंतुसंसर्गाचे औषध घेऊनही रक्त पुन्हा आले, तर तेच औषध पुनःपुन्हा न घेता सोनोग्राफी व दुर्बिणीची तपासणी लागेल काय, असे विचारावे. मोठ्या माणसाच्या बेंबीतून पाणी, पू वा रक्त येत असेल तर केवळ हळद भरून स्वस्थ बसू नये. पुरुषांनाही हे सर्व तितकेच लागू आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्याकडे दुखणे बरे झाले की कागद चुलीत जातात किंवा उंदरांच्या वाट्याला जातात. शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ तपासणीस पाठवली जाईल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे. तिचा अहवाल, सोनोग्राफी व सी.टी. स्कॅनचे कागद एका पिशवीत तारीखवार ठेवावेत. दुसऱ्या गावी मत घ्यावयास जाताना प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि तो मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा; तेथील तज्ज्ञांस त्यावरून फेरतपासणी करता येते.

तिसरी गोष्ट प्रवासाची व पैशाची. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला, तरी अशा दुखण्यासाठी आपल्या लोकांची पावले सौंसर-सावनेर मार्गे नागपूरकडेच वळतात. नागपुरास १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांची सोय असून योजनेशी जोडलेल्या अन्य प्रांतांतील रुग्णालयांतही ते कार्ड चालते. तथापि निघण्यापूर्वी त्या रुग्णालयाची चौकशी करून घ्यावी, म्हणजे ऐन वेळी हेलपाटा पडत नाही.

राहता राहिली ती संकोचाची गोष्ट. आणि येथे पैसा वा यंत्रे काही कामाची नाहीत. सासूने सुनेस, जावेने जावेस, लेकीने आईस विचारले पाहिजे. “तुमची तब्येत कशी आहे?” या प्रश्नास आपल्या स्त्रिया “बरी आहे” असेच उत्तर देतात. तेव्हा याहून उघड प्रश्न विचारावा लागतो. घरातील पुरुषांनीही लघवी, पाळी हे शब्द ऐकताच उठून जाण्याची रीत सोडावी. जिला तालुक्याच्या गावी एकटीने जाणे जमत नाही, तिच्यासोबत जाणारी एक शहाणी बाई प्रत्येक आळीत निघाली, तर ते काम कोणत्याही देणगीपेक्षा लहान ठरणार नाही.

ज्या टाटा स्मारक रुग्णालयाचा वर उल्लेख केला, ते सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत सुरू केले. एका न्यासाच्या द्रव्यातून उभे राहिलेले ते घर आज साऱ्या देशाचा आधार झाले आहे. आपल्यासारख्या लहान गावच्या न्यासास इमारत उभारता आली नाही तरी एक गोष्ट निश्चित साधता येईल. आपल्या सभासदांच्या घरी कोणतीही स्त्री लघवीतले रक्त वर्षभर लपवून ठेवणार नाही, आणि डॉक्टरांनी विचारले असता तिला उत्तर देण्यास लाज वाटणार नाही, असे वातावरण आपण निर्माण करू शकतो. युरेकसचा कर्करोग कदाचित आपल्या गावात कोणास कधी होणारही नाही, आणि तसेच घडो. परंतु त्याच्या निमित्ताने लागलेली ही सवय दुसऱ्या कितीतरी दुखण्यांत आपल्या माताभगिनींचे प्राण वाचवील, असा आम्हांस विश्वास वाटतो.